बादशाचा ढेकर

बैलाच्या डाव्या कुशीवर मी टिचकी मारली आणि माझी नाताळची सुट्टी तिथेच संपली. कूस डफासारखी वाजली. निरोगी बैलाची कूस अशी वाजत नाही. ती मऊ असते, मूठ दाबली तर भिजवलेल्या कणकेसारखी आत जाते. ही फुगून पाठीच्या कण्याच्याही वर आली होती. बैल पाय फाकून उभा होता. मान लांब केलेली, जीभ बाहेर, आणि श्वास घेताना अख्खं अंग हलत होतं.

"डाक्टरसायेब, जहर हाय का?" बैलाच्या मालकाने विचारलं.

त्याच्यामागे त्याची माणसं उभी होती. काहींच्या हातात काठ्या होत्या. हाकेच्या अंतरावर नदीच्या काठाला खरा डफ वाजत होता आणि चार गावांची माणसं उन्हात बसून गाणं ऐकत होती. मी त्याच गाण्यासाठी आलो होतो. बैल पाहायला नाही.

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी भाषेत व्हेटर्नरी असिस्टंट. त्या वेळी पोस्टिंग वाशीमच्या ढोरांच्या दवाखान्यात. दुसऱ्या लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलवर, रॉकेल कंट्रोलवर, आणि माझ्या दवाखान्यातलं टर्पेंटाइनसुद्धा अर्ज केल्याशिवाय मिळत नसे. त्या वर्षी नाताळची सुट्टी रविवारला जोडून आली. वामनराव वकिलांचं कोर्ट बंद, गोविंदराव मास्तरांची शाळा बंद. तिघांनी मिळून वकिलांची दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपली आणि रिठदचा रस्ता धरला. रिठदला कलगी-तुऱ्याचा फड होता.

ज्यांनी तो ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कलगीवाले आणि तुरेवाले हे शाहिरांचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीला मोठं मानतात, तुरेवाले शिवाला. पण खरी मजा भांडणात असते. एका शाहिराने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. एरवी हे रात्रभर चालतं. त्या वर्षी गॅसबत्तीला रॉकेल कुठून आणायचं म्हणून फड दिवसा ठेवला होता. दिवस मावळला की फड बंद.

नियम कडक होते. एका बाजूचा डफ थांबला की रिठदचे पाटील दुसऱ्या बाजूच्या शाहिराच्या नावाने पुकारा करणार. असे तीन पुकारे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही शाहीर उभा राहिला नाही तर तो हरला. हरला की त्याचा डफ समोरच्याच्या घरी खुंटीला लागणार.

"कोर्टात गैरहजेरीत दावा गेला तर निदान रिस्टोरेशनचा अर्ज तरी करता येतो," वामनराव म्हणाले होते. "इथे तर अपीलच नाही."

तुऱ्याचा शाहीर होता रिठदचाच किसनबुवा. अंगाने काटक, बोलणं मोजकं, पण डफ हातात आला की ऐकत नसे. कलगीचा शाहीर रिसोडचा बशीरभाई बागवान. केळी, पेरू, भाजी गाडीत भरून गावोगावचे बाजार करायचा आणि वाटेत लावण्या रचायचा. त्याचा डफ त्याच्या उस्तादाचा होता, आणि उस्तादालाही तो त्याच्या उस्तादाकडून मिळालेला. बशीरभाई तो उशाशी घेऊन झोपतो असं मास्तर सांगत होते. आणि त्याचा बैल, बादशा. पांढरा, उंच, कपाळावर काळा ठिपका. बशीरभाई गाडीत गुणगुणू लागला की बादशा त्या ठेक्यात पाय टाकतो, अशी चार गावांत ख्याती होती. फडाला येणारी निम्मी बायकामुलं शाहिराच्या आधी बैलाला पाहून जात.

आम्ही पुढच्या सतरंजीवर बसलो होतो. दुपार झाली होती. किसनबुवाने नवं कोडं टाकलं.

जलमासंगं जल्मा आली, नार अशी ते कोन?
राव मारी, रंक मारी, दिसातून येळा दोन;
मेली तरी ना सुतक कोना, ना जाळन ना दफन,
सांग कलगीच्या शाहिरा, तिचं नाव हाय कोन?

लोकांनी "जी जी रं" करून डोक्यावर घेतलं. मास्तर डोळे मिटून कोडं सोडवू लागले. इतक्यात मागून एक जण वाकत वाकत आला. "अजी, तुमच्यात ढोराचा डाक्टर कोन हाय?"

मी काही बोलायच्या आत वकिलांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साक्षीदार ओळखायची सवय!

तर असा मी बैलापाशी पोचलो. हातात ना बॅग, ना औषध. अंगात सुट्टीचा धुतलेला कोट.

"हे आहे पोटफुगी," मी बशीरभाईला म्हणालो. "विष असेल-नसेल ते मागाहून. बैलाचं पोट म्हणजे मोठा रांजण समजा. आत चारा आंबतो, त्याचा वायू होतो. बैल तो ढेकर देऊन बाहेर टाकतो. दिवसभर टाकतो, आपलं लक्ष नसतं. ढेकर थांबला की वायू आत साठतो, फुगा छातीवर दाबतो आणि बैल गुदमरतो."

"मंग ढेकर काहून थांबला?"

"तेच विचारतोय. सकाळपासून काय खाल्लं यानं?"

"कडबा. निस्ता कडबा, सायेब. माह्या हातानं टाकला."

"दुसरं काही?"

"अल्लाची कसम, काही नाई."

कडब्याने बैल असा फुगत नाही. हे मला माहीत होतं आणि बशीरभाईच्या माणसांनाही माहीत होतं. म्हणूनच काठ्या बाहेर आल्या होत्या.

"ह्या गावातल्याच कोनीतरी चारलं," त्यांच्यातला एक म्हणाला. "शाहीर उभा राह्यला नाई पाह्यजे म्हनून बैलाले धरलं. सिधी बात हाय."

रिठदची दहाबारा माणसं बाजूला गप्प उभी होती. नाकारायचं कोणालाच सुचत नव्हतं. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. निरपराध माणूस ओरडतो. ही माणसं जमिनीकडे पाहत होती.

पाटील धावत आले. भला माणूस, पण फडाचा पंच म्हणून गळ्यात उपरणं घालून ताठ झालेला.

"बशीरभाई, किसनबुवाचा डफ थांबला का मले पुकारा करा लागते. तू उठ. बैलापाशी डाक्टर हायेत ना!"

बशीरभाई बैलाच्या गळ्यात हात टाकून बसला होता. तो उठला नाही. "पाटील, इथं जनावर मरून राह्यलं आन मी तिथं गानं म्हनू? यानं माहं घर चालोलं. पोरीच्या लग्नाचं सामान यानंच वाह्यलं. तुमी करा पुकारा. डफ न्या."

डफ न्या म्हणताना त्याने तोंड बैलाच्या मानेत खुपसलं. मी उगाच बैलाच्या जिभेकडे पाहिलं.

आता वकील पुढे झाले. "पाटील, फड तासभर तहकूब करा. कारण सबळ आहे. तारीख द्या."

"वकीलसायेब, फडाले तारीख नसते. केनवडचे लोक बसले हायेत, रिसोडचे बसले हायेत. मी थांबवला तर म्हनतीन रिठदवाल्यायनं गोलमाल केला. नाई थांबवला तर हे म्हनतीन जहराचा फायदा घेतला. मी काय करू?"

"किसनबुवाला कळलंय का?"

"तो गाऊन राह्यला. कोन सांगीन?"

वामनराव सरळ फडाकडे चालू लागले. नंतर मास्तरांनी मला तो प्रकार सांगितला. झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारे, पालुपद घोळवत होते. तेवढ्यात कोट-टोपीतला वकील मंचावर चढला आणि किसनबुवाच्या कानाला लागला. लोकांना वाटलं वॉरंट आलं. किसनबुवाने ऐकलं, बैलाच्या बाजूला एकदा पाहिलं, आणि विचारलं, "मी थांबलो का पुकारा व्हते ना?"

"हो."

"मंग मी थांबतच नाई. बैलाच्या जिवावर जितलेला डफ मी खुंटीले लावू का कपायाले?"

त्याने पागोटं सारखं केलं आणि तेच कोडं नव्याने गायला सुरुवात केली. या खेपेला जरा सावकाश.

इकडे माझं काम सुरू झालं. पोटफुगीवर आमचं हत्यार म्हणजे ट्रोकार. जाड सुईसारखं असतं, बाहेरून नळी बसवलेली. डाव्या कुशीत ठरलेल्या जागी खुपसायचं, सुई काढून घ्यायची, नळी आत राहते आणि वायू सुसाटत बाहेर. माझा ट्रोकार वाशीमला दवाखान्याच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली कंपाउंडरकडे. कंपाउंडर सुट्टीवर.

तेव्हा घरगुती उपाय करायचे ठरवले. बैलाला नदीच्या उतारावर चढाकडे तोंड करून उभं केलं, पुढचे पाय वर, मागचे खाली. त्याने पोटाचा भार छातीवरून उतरतो. कडुनिंबाची हिरवी काठी त्याच्या तोंडात आडवी घालून शिंगांना दोरीने बांधली. काठी चावत राहिला की लाळ सुटते, लाळ पोटात गेली की आंबलेल्या चाऱ्याचा फेस बसतो, आणि जीभ हलत राहिली की ढेकरालाही वाट मिळते. पाहणाऱ्याला हे जादूटोण्यासारखं वाटतं. एका म्हाताऱ्याने विचारलंही, "मंतर कोनता मारला जी?"

"जवसाचं तेल पाहिजे," मी म्हणालो. "शेर-दोन शेर. आणि हिंग, ओवा."

हे शब्द तोंडातून निघताच बाजूला मुकाट उभी असलेली रिठदची माणसं चारी वाटांनी पळाली. तेल्याच्या घरून तेल आलं. हिंग तर इतक्या घरांतून आला की त्यात आणखी एक बैल बरा झाला असता. विष घालणारं गाव एवढ्या तातडीने धावत नाही, हे माझ्या मनात तेव्हाच नोंदलं गेलं.

तेल पाजणं दिसतं सोपं. बांबूच्या नळीत भरायचं आणि गालाच्या फटीतून थोडं थोडं ओतायचं. बैलाचं डोकं जास्त वर केलं किंवा जीभ धरली, तर तेल श्वासनळीत जातं. मग पोटफुगीतून वाचलेला बैल फुप्फुसाच्या सुजेने मरतो. म्हणून मी स्वतः पाजत होतो आणि बशीरभाईला फक्त कपाळ कुरवाळायला सांगितलं होतं. मी बैलाच्या तोंडाशी नाक नेलं. आणि थांबलो.

वास वेलदोड्याचा होता.

पुन्हा हुंगलं. वेलदोडा, गूळ, आणि किंचित जायफळ. नोकरीत मी बैलांच्या तोंडाचे बरेच वास घेतले आहेत. लग्नाच्या पंगतीचा वास पहिल्यांदा घेत होतो.

"बशीरभाई, याने पुरणपोळी खाल्लीय."

"कुठची पुरनपोयी, सायेब? मी तं कडबा..."

मी रिठदच्या माणसांकडे वळलो. बायकाही आता जमल्या होत्या. "हे पाहा, विष नाही. पण कोणी काय चारलं ते कळलं तर मला पुढचं ठरवता येईल. कोणाला काही होणार नाही."

कोणी हूं की चूं करेना. वामनराव परत आले होते. कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "शपथेवर सांगा." त्याने तर जी दोन तोंडं उघडायच्या बेतात होती तीही मिटली.

शेवटी पाटलीणबाईच पुढे आल्या. पदर सावरत, पाटलांकडे न पाहता म्हणाल्या, "मी एकच पोयी देल्ली हो. एकच. पाहुन्याचा बैल, दारावरून चालला. तशीच जाऊ देऊ का?"

पाटील पाहतच राहिले.

"मी बी देल्ली," दुसरी बाई म्हणाली. "पन माही लहान व्हती."

मग बांधच फुटला. एकीने ज्वारीच्या पिठाचे गोळे दिले होते. कोणी गुळाचा खडा. कोणी शेतातून उपटून आणलेला हिरवा हरभरा, भारा भरून. तेल्याने सरकी. एका म्हाताऱ्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली आणि "ज्वारी" एवढंच म्हणाला. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकट्यानेच दिलं. आणि बैल फुगल्यावर प्रत्येकाला वाटलं की आपल्याच घासाने फुगला. म्हणून अख्खं गाव गप्प होतं.

"पण एवढं का?" मी विचारलं. "गावात पोळा होता का?"

उत्तर पाटलांनी दिलं, जरा चाचरत. "मांगच्या साली यानं केनवडच्या फडात लावनी म्हटली. केनवडात पाहुन्याच्या बैलाले कडबा मोजून टाकतेत म्हनून. ते लावनी आजपोत लोक म्हनून राह्यले. केनवडवाल्याले बाजारात तोंड दाखवता येत नाई. म्हनून मी दवंडी देल्ली का बशीरभाईचा बैल उपाशी राह्यला नाई पाह्यजे."

बशीरभाईच्या माणसांच्या काठ्या हळूहळू पाठीमागे गेल्या. बशीरभाईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! ते तं मी यमकासाठी म्हटलं व्हतं!"

मला हसू आलं, पण हसायची वेळ नव्हती. हिरवा हरभरा आणि वर ओलं पीठ, म्हणजे पोटात फेसच फेस. तेलाने तो बसायला वेळ लागतो. आणि बादशाचे पाय थरथरू लागले होते. तो खाली बसला असता तर संपलंच होतं. आम्ही सहा जण त्याला दोन्ही बाजूंनी टेकून उभे राहिलो. मी मुठीने कूस चोळत होतो, वरून खाली, वरून खाली. सुट्टीच्या कोटाला जवसाचं तेल, लाळ आणि शेण लागलं होतं.

पलीकडून किसनबुवा ऐकू येत होता. कोडं त्याने उलटून-पालटून तीन चालींत गाऊन संपवलं होतं. मग त्याने देवांची नावं घेतली. देव संपले तशा नद्या घेतल्या. नद्यांनंतर गावं आली, रिठद, केनवड, रिसोड, मधली वाडी-वस्ती काही सुटली नाही. मग कंट्रोलच्या दुकानावर कडवं झालं. लोक हसत होते. ऊन तिरपं झालं तरी डफ थांबत नव्हता, पण आवाज बसत चालला होता. एक एक ओळ खरवडून काढल्यासारखी येऊ लागली. मग तो माझ्यावर घसरला.

आला वाशीमचा डाक्टर, संगं बॅग ना दवा,
नाक लावून बैलाले, घेते पुरनाची हवा!

बातमी तिथवर पोचली होती म्हणायची. लोकांच्या हसण्याचा लोंढा आमच्यापर्यंत आला. बादशाने कान हलवला.

मी नाडी पाहिली. आता वाट पाहणं धोक्याचं होतं. "एक चांगला धारदार चाकू आणा," मी म्हणालो. "आणि बोरूएवढी वेळूची पोकळ नळी."

न्हाव्याने वस्तरा दिला. माझ्या हातातला वस्तरा पाहताच बशीरभाई माझ्या आणि बैलाच्या मध्ये येऊन उभा राहिला. "सायेब, कापसान?"

"छेद देणार. वायू बाहेर काढायला. दवाखान्यातलं हत्यार नाही, जखम चिघळूही शकते. पण दिलं नाही तर घटकाभरात जाईल."

"तुमाले पक्कं वाटते का?"

काय सांगणार? पक्कं कोणत्याच डॉक्टरला वाटत नाही. पगार मात्र पक्कं वाटल्यासारखं बोलण्याचाच मिळतो. "वाटतं," मी म्हणालो. "तुम्ही त्याच्या तोंडाशी उभे राहा. त्याच्याशी बोला."

तो बैलाच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात गुणगुणू लागला, गाडीत गुणगुणायचा तसा. मी चुलीवरून आणवलेल्या उकळत्या पाण्यातून वस्तरा काढला. पाटलीणबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला. मी डाव्या कुशीवर जागा मोजली. कमरेच्या हाडाचा उंचवटा आणि शेवटची फासळी यांच्या मधोमध. डाव्या हाताने कातडी ताणली.

तेवढ्यात गोविंदराव मास्तर धोतराचा सोगा धरून धावत आले. "अहो, गंमत झाली! किसनबुवाने आपलंच उत्तर गाऊन टाकलं!"

"मास्तर, नंतर!"

"अहो पण ऐका! ओळी संपल्या तसा तो बैलावर गाऊ लागला. 'भूक मेली गा बादशाची, मेली तरी जित्ती होते.' भूक! राव मारी, रंक मारी, दिवसातून दोन वेळा! भूकच की उत्तर! त्याच्या ध्यानातही आलं नाही!"

बशीरभाईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मास्तर, काहून सांगतलं तुमी मले? मी आयकलंच नाई म्हना!"

त्याचे हात बैलाच्या मानेवरून सुटले. बादशाने मान झटकली, तोंडातली काठी कडाकड चावली, आणि पोटात कुठेतरी खोलवर गुरगुरलं. मी वस्तरा मागे घेतला.

तो ढेकर कसा होता ते सांगायला मला आजही शब्द सापडत नाहीत. सुरुवात खर्जात झाली. मग तो चढत गेला. संपला असं वाटलं तोच पुन्हा उचल घेतली. वास असा की वामनराव, जे खुनाचे पंचनामे पाहून आलेले, ते चार पावलं मागे सरकले. मी मात्र जागचा हललो नाही. मला तो वास अत्तरासारखा होता. माझ्या बोटांखालची कूस खाली बसत होती.

मग दुसरा आला. मग तिसरा. बशीरभाई बैलाच्या गळ्याला मिठी मारून हसत होता आणि रडत होता. पाटलीणबाई म्हणाल्या, "बाप्पा रे, वाचला!" आणि तिथेच मातीत बसल्या.

"जा आता," मी बशीरभाईला म्हणालो. "मी आहे इथे."

तो तसाच धावला. हाताला तेल, सदऱ्याला लाळ. बादशा पाय स्थिर करून उभा राहिला तसा मीही त्याला पाटलांच्या गड्याकडे सोपवून मागोमाग गेलो. एवढं केल्यावर शेवट न पाहता कसा राहणार?

बशीरभाई मंचावर चढलेला पाहून किसनबुवाने डफावरचा हात उचलला. आवाज जवळजवळ गेलाच होता. पाटलांनी पुकारा केला, "कलगीवाले बशीर शाहीर!"

"हाजीर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता उत्तर येणार. तो डफ उचलणार तोच किसनबुवा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "थांबा. मी हरलो. उत्तर मीच गाऊन बसलो. आता ध्यानात आलं."

"तू नाई, मी हरलो," बशीरभाई म्हणाला. "येळेवर उभा नव्हतो. आन उत्तर मले मास्तरनं सांगतलं. ते माहं उत्तर नव्हे."

"मी उघड्या फडात सांगतलं. नियम हाय."

"तू माह्या बैलासाठी घसा फोडला. मी तुहा डफ नेऊ? मी मानूस हाय का कोन?"

"आन मी तुह्या उस्तादाचा डफ नेऊ?"

दोघं आपापला डफ दुसऱ्याच्या छातीवर ढकलू लागले. जिंकण्यासाठीसुद्धा इतकी झोंबाझोंबी मी कोणत्याच फडात पाहिली नव्हती. लोक आधी हसले, मग त्यांनीही बाजू घेतल्या. कलगीवाले ओरडत होते की आमचाच शाहीर हरला, तुरेवाले म्हणत होते की आमचा.

पाटलांनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले. "डाक्टर, तुमी बाहेरचे. तुमी सांगा. जहर व्हतं का?"

"नव्हतं. गावाने जीव लावला, तो जरा जास्त झाला. बैल ठीक आहे. उद्या दिवसभर फक्त पाणी, परवा थोडा कडबा." जरा थांबून मी पुढे म्हटलं, "मोजून टाकला तरी चालेल."

केनवडच्या लोकांनी सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

पाटलांनी मावळतीकडे पाहिलं. ऊन जात होतं आणि त्यांना घरी जायची घाई दिसत होती. "मंग निकाल आयका. दोघंबी आपल्या तोंडानं हरले म्हनतेत. मी काय करू? दोघायचेबी डफ जप्त. बशीरचा डफ किसनबुवाच्या घरी, किसनबुवाचा बशीरच्या घरी. पुढच्या फडात ज्यानं जितला त्यानं आपला परत न्यावा."

"असा चोख निकाल मी आमच्या कोर्टात ऐकला नाही," वामनराव पुटपुटले.

किसनबुवाने उस्तादाचा डफ दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. त्याला बोलता येत नव्हतं. बशीरभाईला मात्र बोलणं आवरत नव्हतं. "थंडीत कातडं ढिल्लं पडते. शेकोटीवर धरजो, पन दुरून. पोराच्या हाती देजो नोको. आन रातच्याला उघडा ठेवू नोको." किसनबुवा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. सासरी निघालेल्या मुलीबद्दल बाप सांगतो तसं बशीरभाईचं चाललं होतं. मग त्याने किसनबुवाचा डफ काखेत मारला, दोन पावलं गेला, बोटाने वाजवून पाहिला आणि मागे वळून म्हणाला, "हा बदबद वाजून राह्यला बे. बोकडाचं कातडं लावत जाय." किसनबुवा आवाजाशिवाय हसला.

सुट्टी संपली. मी केस रजिस्टरला चढवली, कारण तेल्याला तेलाचे पैसे सरकारातून द्यायचे होते. महिन्याने सुपरिंटेंडेंटसाहेब इन्स्पेक्शनला आले. चष्मा कपाळावर सरकवून ते एका ओळीवर थांबले.

"हे काय? कॉजच्या रकान्यात तुम्ही 'एक्सेस ऑफ हॉस्पिटॅलिटी' लिहिलंय. पाहुणचाराचा अतिरेक?"

"होय सर."

"पुस्तकात असा कॉज नाही."

"पुस्तक लिहिणारा रिठदला आला नसेल, सर."

साहेबांनी पेन्सिलने ते खोडून 'डायटेटिक एरर' लिहिलं. म्हणजे खाण्यातली चूक. तेलाचं बिल मंजूर झालं.

त्यानंतर बरीच वर्षं नोकरी केली. ट्रोकार कोटाच्या खिशात ठेवूनच गाणं ऐकायला जात होतो, एवढा बदल माझ्यात झाला. दुसरा बदल जास्त उपयोगाचा ठरला. पोट फुगलेलं जनावर आलं की "काय खाल्लं?" हे मी मालकाला विचारणं सोडून दिलं. त्याला ते माहीत नसतं, आणि तो शपथेवर कडबाच सांगतो. मी विचारायचो, "घरात याचे लाड कोण करतं?" की लगेच मागे उभं असलेलं एखादं माणूस मान खाली घालायचं, आणि मी औषधाची बाटली उघडायचो.